एकाग्रतेचे मोजमाप आणि शाळा

कपाळावर पट्टी बांधायची, कानांच्या पाळ्यांना चिमटे लावायचे आणि हात न लावता समोरचा हलका चेंडू हवेत उचलायचा, असा एक खेळ अमेरिकेतील मॅटेल कंपनीने २००९ मध्ये बाजारात आणला. तिवसा येथे एका स्नेह्यांच्या घरी तो खेळून पाहण्याचा योग नुकताच आला. चित्त एकाग्र झाले की पंख्याचा झोत वाढून चेंडू वर चढे. मन विचलित झाले की खाली येई. घरातील शाळकरी मुलाने मोठ्यांना सहज हरविले, तेव्हा कुणीतरी म्हणाले, ‘हे यंत्र शाळेत हवे. कोणाचे लक्ष आहे हे गुरुजींना तात्काळ कळेल.’ उद्गार थट्टेचे असले तरी विचार करण्याजोगे आहेत.

यात जादू काहीच नाही. मानवी मेंदूच्या विद्युत्-तरंगांची पहिली नोंद जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये केली. डोक्याच्या त्वचेवर हे तरंग व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांइतके क्षीण असतात. त्यांच्या चढउतारावरून यंत्र एकाग्रतेचा केवळ अंदाज बांधते. विचार वाचत नाही. अपस्माराच्या निदानासाठी रुग्णालयात वीसएक ठिकाणांहून नोंद घेतात. या खेळात कपाळावरील एकाच ठिकाणाहून. भुवया आक्रसल्या किंवा दात आवळले तरी स्नायूंचे संकेत त्यात मिसळतात. अशा आकड्यावरून विद्यार्थ्याची योग्यता ठरविणे अशास्त्रीयच होय.

तरीही तसा प्रयत्न झालेला आहे. चीनच्या झेजियांग प्रांतातील एका प्राथमिक शाळेत मुलांच्या डोक्याला अशा पट्ट्या बांधून त्यांच्या अवधानाचा अहवाल शिक्षक व पालक यांना दिला जात असे. २०१९ मध्ये लोकक्षोभ झाला आणि तो प्रकार थांबवावा लागला.

आपल्याकडे हा प्रश्न आधी न्यायालयात आला. पुण्याच्या सत्र न्यायालयाने जून २००८ मध्ये एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या तरंगांच्या चाचणीचाही आधार घेऊन जन्मठेप सुनावली. पुढे ५ मे २०१० रोजी, सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने संमतीवाचून अशी चाचणी करणे घटनाविरोधी ठरविले. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, हे तत्त्व त्यामागे होते.

जे संरक्षण आरोपीला मिळते, ते निरपराध बालकाला नको काय? २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मुलांवर पाळत ठेवण्यास मनाई केली खरी. परंतु नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांनी शैक्षणिक कार्यापुरती शिक्षणसंस्थांना त्यातून सूट दिली आहे. हजेरीपटासाठी ही सूट समजू शकते. मेंदूच्या नोंदींसाठी ती असता कामा नये. शासनाने नियमांत तसा स्पष्ट अपवाद करावा.

याच तिवसा तालुक्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी आहे. तेथील सामुदायिक ध्यानात शेकडो माणसे पहाटे चित्त स्थिर करण्याचा अभ्यास करतात. कुणी कुणाचे गुण मांडीत नाही. एकाग्रता ही गोडीने व सवयीने येते, पाळतीने नव्हे. खेळ घरात जरूर खेळावा. वर्गात मात्र मुलाचे लक्ष जिंकण्याचे काम शिक्षकांकडेच राहू द्यावे.