प्रतिपिंडांचे औषध आणि मक्तेदारांची नफेखोरी

मायस्थेनिया ग्रॅव्हिस या व्याधीत शरीराची संरक्षक यंत्रणाच शरीरावर उलटते. तिने निर्माण केलेली प्रतिपिंडे मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा संदेश अडवतात. पापण्या आपोआप मिटतात, घास गिळवत नाही, प्रसंगी श्वासही कोंडतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या दारी दूरदूरहून येणाऱ्या श्रमिकाच्या दृष्टीने हा रोग म्हणजे रोजगाराचाच अंत होय.

यावर प्रतिपिंडांचेच औषध शिरेवाटे थेंबाथेंबाने, काही तास दिले जाते. हे ज्ञान कोणाचे? केंब्रिजच्या सार्वजनिक प्रयोगशाळेत सीझर मिल्स्टाइन आणि जॉर्ज कोहलर यांनी १९७५ साली अशी एकसारखी प्रतिपिंडे बनवण्याची पद्धत शोधली. तिचे पेटंट घेतले गेले नाही. १९८४ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच पायावर उभे असलेले एक्युलिझुमॅब २०१७ साली अमेरिकेत या व्याधीसाठी मान्य झाले, तेव्हा त्याचा वार्षिक खर्च सुमारे ५ लाख डॉलर होता! संशोधनाला पैसा लागतो, हे खरे. परंतु पाया समाजाने घालायचा आणि नफा मात्र मक्तेदारांनी लाटायचा, हा कुठला न्याय?

आपल्या देशाने दुसरा मार्ग दाखवला होता. १९७० च्या कायद्याने औषधावरील उत्पादन-पेटंट नाकारले. त्या धोरणावर वाढलेल्या उद्योगातील हैदराबादच्या एका कंपनीने २००७ साली रिटुक्सिमॅबची स्वस्त आवृत्ती बाजारात आणली. मूळचे कर्करोगाचे हे औषध आज या व्याधीतही वापरले जाते. मात्र २००५ साली जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली तो कायदा बदलला गेला होता; नव्या औषधांपुढे आता पेटंटची भिंत आहे. शिवाय देशी भांडवलदारही धर्मादाय कामासाठी कारखाना चालवत नाही. रिटुक्सिमॅबची किंमत उतरली, तरी ती रोजंदारीवाल्याच्या आवाक्यात आली नाही.

म्हणूनच सार्वजनिक क्षेत्राचा प्रश्न मध्यवर्ती ठरतो. सोव्हिएत साहाय्याने उभी राहिलेली, गुडगावातही कारखाना असलेली आयडीपीएल बंद करण्याचा निर्णय केंद्राने डिसेंबर २०१६ मध्ये घेतला. ज्या हातांनी प्रतिजैविके बनवली, त्यांना प्रतिपिंडे बनवण्याचे तंत्र देण्याऐवजी जमिनींची विक्री आरंभली गेली.

सार्वजनिक क्षेत्रात प्रतिपिंड-औषधांचे उत्पादन, जनहितार्थ सक्तीचे परवाने आणि सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार या मागण्या कामगार चळवळीने आपल्या मागणीपत्रकात वेतन-भत्त्यांच्या बरोबरीने नोंदवल्या पाहिजेत. श्वास विकत घेण्याची पाळी श्रमिकावर येता कामा नये.