तेराव्या ताटाची गोष्ट

राजवाड्यात सोन्याची ताटे बारा आणि राज्यात ज्ञानी स्त्रिया तेरा. निद्रिस्त राजकन्येची सुप्रसिद्ध जर्मन कथा एवढ्या एका उणिवेतून जन्माला येते. दीर्घ प्रतीक्षेनंतर राजाला कन्या झाली आहे, उत्सवाची सिद्धता चालू आहे आणि केवळ एक ताट कमी पडते म्हणून एकीला निमंत्रणच धाडले जात नाही. ती न बोलावता येते, कोणालाही अभिवादन न करता भर सभेत शाप उच्चारते आणि निघून जाते. वयाच्या पंधराव्या वर्षी राजकन्येला टकळीचे टोक बोचेल आणि ती गतप्राण होईल, असा तो शाप. बारावीचे वरदान अद्याप द्यायचे शिल्लक असते. तिला शाप पुसता येत नाही, सौम्य मात्र करता येतो. मृत्यूच्या जागी शंभर वर्षांची निद्रा येते.

याकोब व विल्हेल्म या ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहात ही कथा ५० व्या क्रमांकावर आहे. त्या वेळी त्यांचे कासेल नगर नेपोलियनचा भाऊ जेरोम याच्या राज्याची राजधानी होते आणि याकोब ग्रिम त्याच परकीय राजाच्या ग्रंथालयात नोकरी करीत होता. दिवसा परक्याची चाकरी आणि उरलेल्या वेळी स्वजनांच्या मुखातील कथांची जपणूक, असा तो उद्योग होता. ही विशिष्ट कथा मात्र त्यांना मिळाली ती मारी हासेनप्फ्लूग या तरुणीकडून, आणि तिच्या मातेचे घराणे फ्रान्समधून आलेल्या प्रॉटेस्टंटांचे होते. फ्रान्समध्ये शार्ल पेरोने हीच कथा १६९७ मध्ये आपल्या पद्धतीने सांगितली होती, आणि त्याच्याही आधी इटलीत ती बाझिलेच्या संग्रहात १६३४ ते १६३६ या काळात छापली गेली होती. लोककथेला पारपत्र लागत नाही. ती ज्याच्या तोंडी बसली त्याची होते, आणि सांगणारा तिच्यात आपल्या परीने भरही घालतो. तेव्हा कथा नव्याने सांगणे हा अपराध आहे, असे म्हणण्याचे कारण नाही. नव्याने सांगताना कथेतून काय काढून टाकले, एवढाच प्रश्न आहे.

आज जगभरच्या लहान मुलांना ही कथा ठाऊक आहे ती वॉल्ट डिस्नेच्या संस्थेने १९५९ मध्ये काढलेल्या चित्रपटातून, आणि त्याहूनही अधिक २०१४ च्या ‘मॅलेफिसंट’ या चित्रपटातून. या दुसऱ्या चित्रपटाने ७५ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळविले, आणि २०१९ मध्ये त्याचा पुढचा भागही आला. त्यात शाप देणारी हीच नायिका आहे. स्टीफन नावाचा एक महत्त्वाकांक्षी तरुण तिच्याशी बालपणापासून स्नेह जोडतो आणि पुढे राजमुकुटाच्या लोभाने तिला गुंगीचे औषध पाजून तिचे पंख कापून नेतो. तो राजा होतो, त्याला कन्या होते आणि पंख गमावलेली मॅलेफिसंट त्या कन्येला शाप देते. शेवटी तिचेच वात्सल्य राजकन्येला जागे करते, दुष्ट राजा उंचावरून कोसळून मरतो आणि राजकन्या दोन्ही राज्यांची राणी होते.

या मांडणीचे समर्थन करणारे सांगतात की, जुन्या कथेने एका स्त्रीला उगाच दुष्ट ठरविले होते. नव्या कथेने तिची बाजू मांडली, मुलांना करुणा शिकविली. हा युक्तिवाद वरवर उदात्त आहे, पण जुनी कथा न वाचता केलेला आहे. जुन्या कथेत त्या स्त्रीवर अन्याय झाला हे झाकलेले नाही. निमंत्रण नाकारल्याचा सूड घ्यायला ती आली, असे कथाच सांगते. तिचे दुःख खरे आहे आणि तिने दिलेला शाप अन्याय्य आहे. दोन्ही एकाच वेळी खरे असणे, हेच त्या प्रसंगाचे भीषण सत्य आहे. पाळण्यातल्या बालिकेने कोणाचे काय बिघडविले होते? बापाच्या चुकीचे देणे लेकीने फेडायचे, हा जगाचा जुनाच अनुभव कथेने डोळे न मिटता सांगितला आहे.

नव्या चित्रपटाने नेमकी हीच गाठ सोडवून टाकली. त्याने राजाला राक्षस केले. राक्षस झालेला राजा प्रेक्षकाला मोठा सोयीचा असतो. विश्वासघातकी, लोभी, पंख कापणारा राजा पडद्यावर मरताना पाहून कोणत्याही घरच्या कर्त्या पुरुषाला स्वतःकडे वळून पाहावे लागत नाही. आपण काही कोणाचे पंख कापलेले नसतात. ग्रिमांचा राजा मात्र अस्वस्थ करतो, कारण तो वाईट माणूस नाही. तो कन्येवर जीव टाकणारा पिता आहे, उदार यजमान आहे. त्याला फक्त तेरावे ताट घडविण्याची वा सोन्याऐवजी साध्या ताटांत सर्वांना वाढण्याची बुद्धी झाली नाही. त्याला माणसापेक्षा पंगतीची शोभा मोठी वाटली. आपल्याकडे लग्नाच्या याद्या करताना गरीब आत्या आणि कोणी विचारीत नाही असा चुलता कसा गळतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा राजा परका वाटू नये.

आणि शाप मिळाल्यावर हा राजा काय करतो? राज्यातील यच्चयावत टकळ्या जाळून टाकण्याची आज्ञा काढतो! ग्रिमांनी हे एका वाक्यात सांगून टाकले आहे आणि बहुतेक वाचकही ते त्याच वेगाने ओलांडतात. थोडे थांबून पाहिले तर अंगावर काटा येतो. ज्या काळात घरोघरच्या स्त्रिया सूत कातून अंगावरच्या वस्त्राची आणि पुष्कळदा पोटाचीही सोय करीत, त्या काळात सर्व टकळ्या जाळायच्या, म्हणजे राजघराण्याच्या चुकीचा दंड प्रजेच्या चुलीवर बसवायचा. शासनकर्त्यांची ही खोड कथेने दोनशे वर्षांपूर्वी छापून ठेवली आहे. बरे, त्याने साधले काय? पंधरा वर्षांच्या मुलीने टकळी कधी पाहिलीच नव्हती, म्हणून जुन्या मनोऱ्यातील म्हातारीच्या हातात ती फिरताना दिसताच तिने कुतूहलाने हात पुढे केला. ज्या गोष्टीपासून मुलीला जपायचे तिचे नावही तिच्या कानी पडू द्यायचे नाही, या धोरणाचे फळ ते. (मुलांना सर्व अप्रिय गोष्टींपासून दूर ठेवण्याचा सध्याचा अट्टाहास पाहता, ही कथा पालकांनीच आधी वाचावी.)

चित्रपटातही राजा चरखे गोळा करून जाळतो. पण तिथे ते एका खलपुरुषाचे आणखी एक कृत्य ठरते, आणि प्रजेच्या चुलीचा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. राजेपण म्हणजे मुकुट, झगे आणि किल्ला एवढेच उरले की राजधर्माचा प्रश्न उद्भवतच नाही.

दुसरी काटछाट कालाची. ग्रिमांच्या कथेत शंभर वर्षे खरोखर शंभर वर्षे असतात. काटेरी कुंपण वाड्याभोवती वाढते, अवेळी आत घुसू पाहणारे राजपुत्र त्यात अडकून प्राणास मुकतात. मुदत भरते त्याच दिवशी आलेल्या राजपुत्रापुढे काट्यांची फुले होतात आणि वाट आपोआप उघडते. त्याचे शौर्य काही निराळे नव्हते; काळ पूर्ण झाला होता. १९५९ च्या चित्रपटात शतकाची ती झोप जेमतेम एका रात्रीची झाली, आणि २०१४ मध्येही तिला फारसा अवधी मिळालेला नाही. दीड-दोन तासांच्या तिकिटात शंभर वर्षे बसत नाहीत, हे खरे. पण मग शाप भोगावा लागतो ही कल्पनाच गळून पडते. उरते ते खऱ्या प्रेमाचे चुंबन, म्हणजे तत्काळ गुण देणारे औषध. मॅलेफिसंट स्वतःचा शाप मागे घेऊ पाहते आणि तो मागे घेता येत नाही, एवढे भान मात्र चित्रपटाने राखले आहे, हे मान्य केले पाहिजे.

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे: उःशाप. शाप रद्द होत नाही, त्याला उःशाप मिळतो. भोग टळत नाही, त्याला सीमा पडते. बाराव्या स्त्रीने दिला तो उःशापच. हा शब्द कानी पडताच शाकुंतल आठवणे अपरिहार्य आहे. तिथेही अपराध आतिथ्याचाच. पतीच्या चिंतनात बुडालेल्या शकुंतलेला दारी आलेला दुर्वास दिसत नाही, तो शापतो, आणि प्रियंवदेच्या विनवणीवरून ओळखीची खूण दिसताच शाप सरेल, असा उःशाप मिळतो. जर्मन रसिकांनाही हे साम्य अनोळखी नसावे. जोन्सच्या १७८९ च्या इंग्रजी भाषांतरावरून फोर्स्टरने १७९१ मध्ये शाकुंतल जर्मनमध्ये आणले आणि गटेने त्याचा गौरव केला, तेव्हा ग्रिम बंधू लहान मुले होते.

येथे प्रतिपक्ष एक टोला देऊ शकतो, आणि तो द्यावाच. दुर्वासाचा शाप महाभारतात नाही. तिथला दुष्यंत शकुंतलेला ओळखतो आणि तरीही भर सभेत नाकारतो; आकाशवाणी झाल्यावर लोकापवादाच्या भयाने तसे केल्याचे सांगतो. कालिदासाने शाप घालून राजाला दोषातून सोडविले, मग डिस्नेनेच काय पाप केले? आक्षेप बिनतोड वाटतो. पण कालिदासाने राजाला शापाची ढाल देऊनही सुटू दिलेले नाही. पाचव्या अंकात शकुंतला त्याला तोंडावर अनार्य म्हणते, आणि सहाव्या अंकात अंगठी सापडताच तो राजा पश्चात्तापाने असा खचतो की वसंतोत्सवही बंद करवितो. कवीने अपराधाची जागा हलविली, अपराधाची जाणीव वाढविली. चित्रपटाच्या राजाला पश्चात्ताप करण्याची संधीच नाही. त्याला फक्त मरायचे आहे.

व्यवहाराची बाजूही पाहण्यासारखी आहे. पेरोच्या कथेत ‘अरोरा’ हे राजकन्येच्या मुलीचे नाव. राजकन्येला ते मिळाले चायकोव्हस्कीच्या १८९० च्या नृत्यनाट्यात. डिस्नेच्या संस्थेने ते नाव उचलले, चायकोव्हस्कीचे संगीतही उचलले, आणि २००७ मध्ये ‘प्रिन्सेस अरोरा’ या नावावर व्यापारचिन्हाचा हक्क मागितला. शेकडो आज्यांच्या ओट्यावरची कथा घ्यायची आणि तिच्या दाराला आपले कुलूप लावायचे! दप्तरावर, डब्यावर, वाढदिवसाच्या कागदी ताटलीवर ती राजकन्या घरोघर पोहोचली आहे ती याच मार्गाने.

त्याच घरांना हे मात्र ठाऊक नसते की, झोपलेल्या राजकन्येची एक बहीण याच मातीतली आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी हिने १८६५-६६ च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दक्षिण महाराष्ट्राचा दौरा केला. वाटेत तिची आया ॲना लिबेराटा डिसूझा हिने आजीकडून ऐकलेल्या कथा तिला सांगितल्या, आणि १८६८ मध्ये लंडनला ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक निघाले. त्यात सूर्याबाईची कथा आहे. गवळणीची तान्ही मुलगी गरुड उचलून नेतात आणि झाडावरच्या लोखंडी घरात वाढवितात. एकदा विस्तव विझतो, तो मागायला ती राक्षसाच्या घरी जाते. राक्षस माग काढीत येतो आणि दार ओरबाडताना त्याचे विषारी नख फटीत तुटून राहते. सकाळी दार उघडताना ते मुलीच्या हातात रुतते आणि ती मृतवत पडते. शिकारीला आलेला राजा ते नख उपसून काढतो, तेव्हा ती डोळे उघडते. पुढे सवतीचा जाच, तळे, सूर्यफूल, आंब्याचे झाड, आणि शेवटी आंब्यातून निघालेली लेक पुन्हा गवळणीच्याच ओटीत, असा विस्तार आहे. तिच्या नावावर कोणाचे व्यापारचिन्ह नाही आणि तिचे चित्र कोणत्याही दप्तरावर नाही.

त्या पुस्तकाच्या आरंभी ॲनाचे स्वतःचे निवेदनही मेरीने दिले आहे. जुन्या काळी म्हातारी माणसे अशा गोष्टी आवडीने सांगत, हल्ली त्यांना पैसा मिळविण्यापलीकडे कशाची आवड उरली नाही, अशी तिची तक्रार होती. ती छापली गेली त्या १८६८ साली चित्रपटाचा शोध लागायला अजून पाव शतकाहून अधिक काळ होता.