स्वस्त गाडी आणि एक खोटे वाक्य

दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस हैदराबादला जायचे ठरले, तेव्हा घरात पहिला वाद झाला तो गाडीवरून. आम्ही पाच जण: अब्बा, अम्मी, मी, बायको आणि सात वर्षांची मुलगी. सोलापूरहून हुसेनसागर एक्स्प्रेसने जायचे, तिथे गाडी भाड्याने घ्यायची आणि ती मी चालवायची, इथपर्यंत सगळ्यांचे एकमत होते. गाडी कोणती, यावर मात्र तीन मते पडली.

अब्बांना सात सीटर हवी होती. खालाचे सासर हैदराबादेत आहे. "त्यांच्या दारात डबड्यातून उतरायचं का?" हा त्यांचा प्रश्न. बायकोचे म्हणणे, शहरात मेट्रो आहे, रिक्षा आहेत, मग गाडी हवीच कशाला? आणि आतेभावाने फोनवर तिसरा मार्ग सांगितला: "माझ्या ओळखीचा एक पोरगा आहे तिथे. स्वतःची गाडी देतो. दिवसाला 1,400, डिपॉझिट नाही, कागद नाही. आपलाच माणूस आहे."

त्या "आपलाच माणूस आहे" या शब्दांनी मला तीन वर्षे मागे नेले.

तेव्हा मी पुण्यात अशीच एक गाडी घेतली होती. सासू-सासऱ्यांना दोन दिवस मुंबई दाखवायची होती. वस्तीतल्याच एका तरुणाची गाडी, पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची. कर्जावर घेतलेली. हप्ता निघावा म्हणून तो शनिवार-रविवारी ती भाड्याने द्यायचा. परतताना रात्री माझ्या हातून गाडी दुभाजकाला घासली. कुणाला काही झाले नाही. पुढचे चाक, दार आणि बंपर गेले. गॅरेजचा अंदाज आला 64,000 रुपये. मला वाटले, विमा आहे, भागेल.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, जबाबात एवढंच लिहा, मित्राची गाडी मागून आणली होती. भाड्याचं नाव काढू नका."

तेव्हा मी पहिल्यांदा विम्याचे कागद नीट वाचले. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात. त्यात भाड्याने किंवा मोबदला घेऊन केलेला वापर स्पष्टपणे वगळलेला असतो. म्हणजे त्याने पैसे घेतले आणि मी दिले, त्या क्षणापासून त्या प्रवासाला गाडीच्या नुकसानीचे संरक्षण नव्हते. ते मिळवायचा एकच मार्ग होता, एक खोटे वाक्य.

मी ते लिहिले नाही. मी फार तत्त्वनिष्ठ आहे म्हणून नव्हे. मी त्याला यूपीआयने पैसे पाठवले होते आणि खाली "गाडी भाडे" असेही लिहिले होते. पकडले जायची भीती वाटली. दावा नाकारला गेला. 64,000 आम्ही अर्धे-अर्धे भरले. माझे 32,000 पगारातून गेले. त्याचे 32,000 कुठून गेले ते मला माहीत नाही. त्या महिन्याचा हप्ता थकला एवढे कळले. आजही तो समोर दिसला तर रस्ता बदलतो.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की आपल्या भागात हा धंदा वाढतो आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांना आपलीच तरुण मुले आहेत. एक कर्ज काढून गाडी घेतो, दुसरा चार पैसे वाचावेत म्हणून ती भाड्याने नेतो. दोघेही गरजू, दोघेही सरळ. पण व्यवहार उभा असतो त्या न लिहिलेल्या खोट्या वाक्यावर. काही झाले नाही तर ते कधीच लिहावे लागत नाही. काही झाले, तर एकाला खोटे बोलावे लागते किंवा दोघांना बुडावे लागते.

माझ्या वेळी फक्त पत्रा गेला. माणूस जखमी झाला असता तर? पॉलिसीची अट मोडलेल्या प्रकरणांत विमा कंपनीने जखमीला भरपाई द्यावी आणि मग ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयांनी दिलेले आहेत. अशी रक्कम काही लाखांत जाऊ शकते. पंचविशीतल्या मुलाच्या पाठीवर ते ओझे म्हणजे आयुष्याची दहा वर्षे. शिवाय परवाना नसताना गाडी भाड्याने चालवली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड आहे आणि सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे.

ओळखायचे कसे? पाटी पाहा. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खासगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे टॅक्सी, तिच्यासोबत चालक येतो. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे स्वतः चालवण्यासाठी भाड्याने द्यायची गाडी. खात्री करायची असेल तर एमपरिवाहन अ‍ॅपवर नंबर टाका. नोंदणीचा प्रकार आणि विम्याची मुदत तिथे दिसते. दोन मिनिटांचे काम आहे. मी तीन वर्षांपूर्वी ते केले नव्हते.

आतेभावाला मी नाही म्हटले. तो रागावला. मग अब्बांच्या सात सीटरकडे वळलो, आणि इंजिनिअर असल्यामुळे तक्ता मांडून बसलो.

चार दिवस सात सीटर: दिवसाला 4,200 प्रमाणे 16,800. साधारण 250 किलोमीटरचे पेट्रोल 2,400. एकूण 19,200. पार्किंग वेगळे. छोटी हॅचबॅक दिवसाला 2,100, म्हणजे बरोबर निम्मी. पण खरी बचत गाडीच्या आकारापेक्षा दिवसांत आहे, हे मला तक्ता भरताना कळले. चार दिवस गाडी लागणारच नव्हती.

हैदराबादचे जुने शहर गाडीचे नाहीच. चारमिनार 1591 चा. त्याच्या भोवतीच्या गल्ल्या त्या काळाच्या. चारमिनारच्या चारही बाजूंना वाहनांना मज्जाव करून तो भाग पायी चालणाऱ्यांसाठी राखायचे काम सरकारने हाती घेतले. लाड बाजारात अम्मीला बांगड्या घ्यायच्या होत्या. तिथे गाडी घेऊन जाणारा माणूस बांगड्या पाहत नाही, पार्किंग शोधतो. शुक्रवारी मक्का मशिदीच्या आसपास तर विचारायलाच नको. आम्ही नामपल्लीजवळ उतरलो होतो. तिथून मेट्रोने महात्मा गांधी बस स्थानक, पुढे रिक्षा. सालारजंग संग्रहालय त्याच बाजूला, मुसी नदीच्या काठी. ते शुक्रवारी बंद असते, म्हणून तो बेत गुरुवारी ठेवला. हे दोन दिवस मेट्रो आणि रिक्षा मिळून 1,900 रुपये झाले.

गाडी हवी होती ती उरलेल्या दोन दिवसांसाठी. एक दिवस गोवळकोंडा, कुतुबशाही मकबरे आणि संध्याकाळी हुसेनसागरचा काठ. दुसरा दिवस रामोजी फिल्म सिटी, जी शहरापासून तीसेक किलोमीटर बाहेर आहे. दोन दिवसांचे भाडे 4,200, सुमारे 170 किलोमीटरचे पेट्रोल 1,200. सगळे मिळून 7,300. अब्बांच्या बेतापेक्षा 11,900 रुपये कमी. तेवढ्यात आमचे राहण्याचे बरेचसे भागले.

चालकासह टॅक्सीचा पर्यायही मी तपासला. शहरांत "8 तास, 80 किलोमीटर" असे पॅकेज मिळते. पेट्रोल आणि चालक त्यातच. एका दिवसाच्या शहरातल्या फिरण्याला हे बहुतेक वेळा स्वतः चालवण्याइतकेच पडते, आणि पार्किंगची डोकेदुखी चालकाकडे जाते. आम्ही घेतले नाही, कारण रामोजीचा दिवस सकाळी आठ ते रात्री नऊ असा होता आणि पॅकेजच्या वरचा प्रत्येक तास आणि किलोमीटर वेगळा मोजला जातो. तुमचा दिवस आखूड असेल तर आधी हाच पर्याय पाहा.

आता आकाराचे. अब्बांचा युक्तिवाद होता, सामान कुठे ठेवायचे? मीही तसेच समजत होतो. आकडे वेगळेच निघाले. एर्टिगाच्या तिन्ही रांगा उघड्या ठेवल्या तर मागे सामानाला 209 लिटर जागा उरते. वॅगनआरच्या डिकीत 341 लिटर. म्हणजे सात माणसे बसवली तर मोठ्या गाडीत सामानाला जागा कमी. पाच जणांनी मागची रांग दुमडून बसायचे, तर दोन रिकाम्या जागांचे भाडे कशाला? एक सावधगिरी मात्र हवी. अनेक सीएनजी गाड्यांची डिकी टाकीच खाऊन टाकते. प्रति किलोमीटर खर्च कमी दिसला म्हणून ती घ्याल आणि बॅगा मांडीवर घेऊन बसाल. आणि अम्मीच्या गुडघ्यांना उंच बैठकीची गाडी सोपी जाते, खाली वाकून बसावे लागत नाही. हा मुद्दा तक्त्यात नव्हता. तो बायकोने सांगितला.

काळ्या पाटीची गाडी घेतली म्हणून डोळे मिटायचे असेही नाही. करार वाचायचा. मी चार गोष्टी पाहिल्या. दिवसाला किती किलोमीटर मोफत आणि पुढे काय दर. इंधन जितके मिळाले तितकेच भरून द्यायचे का. नुकसान झाले तर माझ्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार. डिपॉझिट किती दिवसांत परत. आमचे 5,000 होते, आठवड्यात आले. भाडे दिवसाला दोनशे रुपये कमी आणि नुकसानीची मर्यादा मात्र दुप्पट, अशीही एक गाडी दिसली होती. ती स्वस्त नव्हती. ताबा घेताना गाडीभोवती फिरून मोबाईलवर व्हिडिओ काढला, स्टेपनी आणि जॅक आहे का पाहिले, नोंदणी, विमा, पीयूसी आणि परवाना पाहिला. तिथला मुलगा म्हणाला, "सर, इतकं कुणी बघत नाही." मी म्हटले, मीही बघत नव्हतो.

आपल्या घरांत "अमानत" हा शब्द लहानपणापासून कानावर असतो. दुसऱ्याची वस्तू सांभाळून वापरणे, जशी घेतली तशी परत देणे. पण वस्तू धुऊन-पुसून परत दिली आणि व्यवहारच लपवाछपवीचा असला, तर अमानत कसली? करारावर सही करणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणे, असे आपल्याकडे अजून मानले जाते. मला उलट वाटते. कागद असता, विमा लागू असता, तर तो मुलगा आज मला सलाम करून पुढे गेला असता.

मात्र सगळा दोष त्याच्यावर टाकणे मला मान्य नाही. केंद्र सरकारच्या 1989 च्या रेंट-अ-कॅब योजनेत परवान्यासाठी किमान 50 गाड्यांची अट घातली गेली. एका गाडीचा हप्ता भरताना ज्याची दमछाक होते, तो 50 गाड्या कुठून आणणार? मोटारसायकलींसाठी 1997 ची वेगळी योजना आहे, तिथे अट पाच वाहनांची. गाड्यांच्या बाबतीतही छोट्या मालकांना, चार-पाच जणांनी मिळून केलेल्या सहकारी संस्थेला कायदेशीर दार का असू नये? आपण शिष्यवृत्ती आणि आरक्षणावर बोलतो, ते बोललेच पाहिजे. पण रोजगाराच्या अशा रोजच्या, कंटाळवाण्या नियमांवरही निवेदने द्यायला हवीत. दार मोठे होत नाही तोवर एक गाडी असलेल्या मुलाने टॅक्सीचा परवाना घ्यावा, पिवळी पाटी लावावी आणि स्वतः चालवावी. कमाई सुरुवातीला कमी वाटेल, झोप मात्र पूर्ण लागेल.

आणि आपण, जे भाडे देतो, त्यांनी "आपलाच माणूस आहे" म्हणून त्याला धोक्यात ढकलू नये. आपला आहे म्हणूनच विचारावे: परवाना काढलास का?

राहिला प्रश्न खालाच्या सासरचा. आम्ही वॅगनआरमधून उतरलो. कुणी गाडीकडे पाहिलेसुद्धा नाही. सगळे अम्मीने लाड बाजारातून आणलेल्या बांगड्या पाहण्यात दंग होते. परतताना अब्बा पुढच्या सीटवर बसून म्हणाले, "बरी आहे रे गाडी, पाय पसरायला जागा आहे." माझ्यासाठी एवढे पुरेसे होते.