बांगड्याच्या कल्ल्यातली कॅरोलिन

‘समुद्रातल्या किड्याला नवे नाव दिले, म्हणून कोणाच्या ताटात भाकरी पडली?’ हा प्रश्न आमच्या सुशिक्षित मंडळींना फार आवडतो. नव्या प्राण्याची चार ओळींची बातमी आली, की चहाबरोबर तो ठेवलेलाच! मला या प्रश्नाचा राग येतो. आणि सणाचे दिवस असले तरी तो राग मी आज गिळणार नाही.

मुळात तो किडा नव्हे. आयसोपॉड हा खेकडा-कोळंबीच्या गोतावळ्यातला कवचधारी. कुंडी उचलली की अंगाची गोळी करून पडणारा करडा जीव तुमच्या मुलांनी पाहिला असेल. तो याचा जमिनीवरचा भाऊबंद. समुद्रातल्या काहींनी मात्र माशांच्या अंगावर बिऱ्हाड थाटले आहे. आपल्या बांगड्याच्या कल्ल्यात राहते ती नोरिलेका इंडिका. बोटाच्या पेराएवढी मादी, अंग एका कुशीला वळलेले. सोबत लहानखुरा नर. हा नरच पुढे मादी होतो! बालपणीचे, नरपणाचे आणि मादीपणाचे रूप इतके निराळे, की बरणीतले तीन नमुने पाहून कोणीही तीन प्राणी समजावे. ‘नाव काय, कोणीही ठेवील’ म्हणणाऱ्यांनी एकदा सूक्ष्मदर्शकाखाली हिच्या पायांच्या सात जोड्या तपासून पाहाव्यात.

१८४० साली हेन्री मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच पंडिताने हिला ‘लिव्होनेका’ वंशात घातले. ते आडनाव १८१८ सालचे, लीच नावाच्या इंग्रजाचे. या लीचसाहेबांनी ‘कॅरोलिन’ची अक्षरे उलटसुलट करून नेरोसिला, रोसिनेला, कोनिलेरा अशी नावे पाडली. (‘लिव्होनेका’त ‘र’च्या जागी ‘व’ पडला, तो छापखान्याचा प्रसाद असावा.) ही कॅरोलिन कोण, ते आजवर कोणाला कळलेले नाही. हसायचे तर खुशाल हसा! परंतु नावाची गंमत वेगळी आणि वंशाचा दावा वेगळा. वंश म्हणजे बरणीवर डकवलेली चिठ्ठी नव्हे. ‘ही मंडळी एका रक्ताची आहेत’ असे ते जगापुढे केलेले विधान असते, आणि ते खोटे ठरू शकते.

तसे ते ठरलेही. दीडशे वर्षांत लिव्होनेका म्हणजे माळ्यावरची अडगळ झाली; कुठे बसेना ते तिथे कोंबावे. १९९० साली नील ब्रूस यांनी तो माळा आवरला, आणि बांगड्याच्या या पाहुणीसाठी नवा वंश मांडला – नोरिलेका. अक्षरे पुन्हा कॅरोलिनचीच!

आता भाकरीचे बोला. बांगडा हा आपल्या किनाऱ्यावर गरिबाच्या घरी शिजणारा मासा. त्याचा कल्ला कोण पोखरते, किती माशांत, कोणत्या महिन्यांत, हे मोजायचे तर आधी ‘कोण’ ते ठरले पाहिजे. नात्यागोत्याचा घोळ असला, की एका प्राण्याबद्दल शिकलेले दुसऱ्याच्या माथी मारले जाते. घोटाळा झाला तर मूळ नमुन्याशी ताडून पाहावे लागते. तो नमुना संग्रहालयातल्या बरणीत असतो. बरणीतले अल्कोहोल उडत जाते, ते वेळच्या वेळी भरावे लागते. त्या चार पैशांनाही ‘उपयोग काय?’ म्हणून कात्री लावू पाहणाऱ्यांच्या ताटात बांगडा मात्र तळलेला, कुरकुरीत आणि बिनतक्रार लागतो.