पाणी चांगलं आहे, पण रिपोर्ट कुठे आहे?

मी कॉन्व्हेंटमधली. मराठीत लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतात, सांभाळून घ्या. पण विषय आपल्या सगळ्यांच्या ग्लासातला आहे.

जुलैत रत्नागिरीतल्या आमच्या रूमवर नळाला लालसर पाणी आलं. जांभ्याची माती, पावसाळ्यात असं व्हायचंच, म्हणून सगळ्यांनी गाळून-उकळून प्यायलं. मी मात्र एक बाटली लॅबमध्ये नेली. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले, की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. माझं झालंच नाही! आयएस १०५०० या मानकाप्रमाणे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं.

तपासणीचा अहवाल मागायला गेले. उत्तर मिळालं, "पाणी चांगलं आहे, काळजी करू नका." अहो, मग कागद दाखवायला काय हरकत आहे?

गंमत बघा. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीनंतर हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका, हे कुणालाही कळतं. शहरातल्या आपल्याला काय कळतं? जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा तिथल्या पाण्याची तपासणी बातम्यांत आली. माणसं आजारी पडल्यावर आकडे कळून काय उपयोग?

माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ सांगतं, की माहिती कुणी मागायच्या आधीच जाहीर करा. म्हणून मागणं एवढंच: क्लोरीन आणि ई-कोलायचा निकाल दर आठवड्याला वॉर्डातल्या फलकावर लावा.

तोवर आमच्या नळाचा क्लोरीनचा निकाल दर सोमवारी मी जिन्यात चिकटवणार आहे. तुम्ही?