डॉक्टर होणाऱ्या पोरांची इंग्रजी



२०१९ साली बारामतीत शंभर जागांचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आपल्या भागातच पोराला डॉक्टर होता येईल, याचा बारामती-इंदापूरच्या घराघरांत आनंद झाला. पण प्रवेश मिळाला म्हणजे गड सर झाला असे समजू नका. खरी चढण पहिल्या वर्षी लागते आणि ती इंग्रजीची असते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरगी पेशी, ऊती, चेतासंस्था शिकते. अकरावीला विज्ञान घेतले की तेच सगळे इंग्रजीत. नीटची परीक्षा मराठीतही देता येते आणि तिथे चारांतला एक पर्याय निवडायचा असतो. पुढे मात्र जाडजूड इंग्रजी पुस्तके वाचायची, उत्तरे इंग्रजीत लिहायची, परीक्षकापुढे इंग्रजीत बोलायचे. उत्तर येते, पण वाक्य जुळत नाही, म्हणून हुशार पोर गप्प बसते. मास्तरांना वाटते अभ्यास नाही. पोराला वाटते आपली लायकी नाही. दोघेही चुकतात.

काही जण म्हणतात, सगळे वैद्यकशास्त्रच मराठीत आणा. मध्य प्रदेशाने २०२२ साली पहिल्या वर्षाची पुस्तके हिंदीत काढली. मराठीतही जरूर व्हावीत. पण नवे संशोधन इंग्रजीतच येते. शहरातल्या पैसेवाल्यांची पोरे इंग्रजीत शिकणार आणि शेतकऱ्याच्या पोराची मराठी पुस्तकावर बोळवण होणार, हा सौदा आपल्याला मान्य नाही.

कागदावर सोय आहे. २०१९ च्या अभ्यासक्रमात सुरुवातीला १७५ तासांचा पायाभूत वर्ग ठेवला. त्यात इंग्रजी, स्थानिक भाषा आणि संगणक मिळून ४० तास. बारा वर्षांची कसर एवढ्यात कशी भरणार?

स्थानिक भाषेचीही गरज तेवढीच आहे. देशपातळीच्या १५ टक्के जागांवर दुसऱ्या राज्यांतली मुले येतात. आपला माणूस डाळिंबावर फवारतो त्यालाही औषध म्हणतो आणि दवाखान्यातल्या गोळीलाही औषधच. 'औषध मारताना घेरी आली' याचा अर्थ ज्याला कळला नाही, तो उन्हाचा त्रास समजून सलाईन लावील आणि विषबाधेवरच्या उपचाराची वेळ निघून जाईल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरू नका. आणि बाटलीतले विष कोणते, त्यावर उतारा काय, हे पुस्तकात शोधायला पुन्हा इंग्रजीच लागते. एकाच रोग्यासाठी डॉक्टरला दोन्ही भाषा पाहिजेत.

म्हणून जिल्हा बैठकीच्या ठरावात तीन मागण्या घ्याव्यात. एक, इंग्रजीचा वर्ग पहिले वर्षभर, आठवड्याला दोन तास, विनाशुल्क चालवावा. तो शरीररचनाशास्त्राच्या धड्यांवरूनच शिकवावा. दोन, पहिल्या सहामाहीच्या तोंडी परीक्षेत अडलेल्या मुलाला आधी मराठीत उत्तर सांगू द्यावे, मग तेच इंग्रजीत म्हणून घ्यावे. तीन, गावची आणि बाहेरची मुले यांच्या जोड्या लावाव्यात. एकमेकांची भाषा ती एकमेकांना शिकवतील.

यात कोणाकडे भीक मागायची नाही. उसाच्या बिलातून पोराचा खर्च भागवणाऱ्या बापाचा हा हक्क आहे, आणि त्या दवाखान्यात उद्या आपल्यालाच जायचे आहे.