आधी घड्याळ लावा!

माझ्या पावनखिंड ट्रेकची तारीख आहे १ जानेवारी २०१८. वेळ, मध्यरात्री १२ वाजून ७ मिनिटं. आणि व्हिडिओत भर दुपारी धो धो पाऊस कोसळतोय, मागून ऑफिसमधला एकजण ओरडतोय, ‘अरे जळवा, जळवा!’

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पन्हाळगड ते पावनखिंड चालायचं, असं आमच्या ऑफिसच्या सहाजणांनी ठरवलं. १६६०च्या जुलैमधली ती रात्र आणि ती वाट, आपल्यापैकी कोणाच्या अंगावर काटा येत नाही? मी त्यासाठी खास छातीला अडकवायचा कॅमेरा मागवला. ऑनलाइन सेल होता. बॉक्स फोडला, चार्ज केला, बटण दाबलं, झालं! मॅन्युअल वाचतात ते अंकल लोक, हा आपला फंडा.

रिझल्ट सांगतो. पहिला पाऊण तास माझ्या रेनकोटचं निळं अस्तर. पुढचा दीड तास धुकं, तेही सह्याद्रीतलं नव्हे तर लेन्सच्या आतलं. आणि खिंडीत पोचेपर्यंत बॅटरीने मान टाकलेली.

ट्रेक संपवून मी मलकापूरला मामाकडे उतरलो. मामीने तांबडा-पांढरा समोर ठेवला. पोलिसात असलेला मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, रजेवर घरी आला होता. माझे व्हिडिओ बघून सगळं घर हसलं. दादा हसला नाही. कोपऱ्यातल्या तारखेकडे बघत म्हणाला, “भावा, घड्याळ लावलं नव्हतंस?”

“घड्याळाचं काय एवढं?”

“घड्याळापायी माझी वर्दी जायची वेळ आली होती.”

जेवण झाल्यावर ओसरीवर बसून त्याने सगळं सांगितलं. पोलीस ठाणं कुठलं, ते इथे सांगत नाही. नाकाबंदीची ड्युटी होती. नवा बॉडी कॅमेरा हातात आला होता. त्यानेही माझ्यासारखंच केलं, छातीला अडकवला आणि बटण दाबलं. रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी एका बाइकवाल्या मुलाला थांबवलं. बावीस-तेवीसचा पोरगा, नुकताच नोकरीला लागलेला. बाचाबाची झाली. दुसऱ्या दिवशी तक्रार आली: पोलिसाने शिव्या दिल्या, थोबाडीत मारली.

दादा निर्धास्त होता. कॅमेरा आहे की! पण क्लिप उघडली तर तिच्यावर तारीख दुसऱ्या दिवसाची आणि वेळ १२ वाजून १० मिनिटांची. बाराला तर नाकाबंदी उठलेली. म्हणजे ही क्लिप भलत्याच कुठल्या वेळची तरी असणार, किंवा हिच्यात काहीतरी घोळ केलेला असणार. साहेबांनी शंका घेतली, त्यात त्यांची चूक नव्हती.

“चिनी टायमावर चालत होता गडी,” दादा म्हणाला. कॅमेऱ्याचं घड्याळ कारखान्यातून निघालं तसंच होतं. चीनची वेळ आपल्यापुढे बरोबर अडीच तास. ९.४० अधिक अडीच तास, म्हणजे १२.१०. हे उमगायला दोन महिने गेले. तोवर घरात कोणाला धड झोप नाही.

सुटका कशी झाली? क्लिपमध्ये मागे चहाची टपरी होती आणि टपरीवर टीव्ही चालू. ठाण्यातल्या एका ताईंनी आवाज ऐकला आणि म्हणाल्या, “साहेब, ही तर साडेनऊची मालिका!” त्या दिवशीच्या एपिसोडमधले संवाद ताडून पाहिले. जुळले! सासू-सुनेच्या भांडणावर मी जन्मभर नाकं मुरडली. आता मुरडणार नाही.

पण प्रत्येक नाकाबंदीला शेजारी टपरी नसते. तेव्हा मंडळी, गाडीवर, ट्रेकला किंवा कामासाठी असा कॅमेरा वापरत असाल, तर दादाने मला लावून दिलेली शिस्त ऐका.

आधी घड्याळ. तारीख, वेळ आणि टाइम झोन मोबाइलशी ताडून घ्या. काही कॅमेऱ्यांची बॅटरी पार उतरली की घड्याळही मागे जातं, म्हणून दर आठवड्याला बघा. मग मेमरी कार्ड. ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं, सतत रेकॉर्डिंग झेपणारं घ्या आणि ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. १०८० रेझोल्यूशनला साधारण ताशी ३ ते ४ जीबी जागा जाते, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात सोळा ते वीस तास. उगाच ४केचा सोस नको, बॅटरी आणि कार्ड दोन्ही खातं. ‘लूप’ चालू असेल तर कार्ड भरल्यावर सगळ्यात जुनं आपोआप पुसलं जातं. महत्त्वाची क्लिप लगेच लॉक करा. बऱ्याच मॉडेल्समध्ये ‘प्री-रेकॉर्ड’ असतं, बटण दाबण्याआधीचे काही सेकंदही ते जपून ठेवतं. ते चालू ठेवा. भांडणाची सुरुवात नेहमी बटणाच्या आधीच झालेली असते!

कॅमेरा छातीच्या मध्यावर, रेनकोटच्या बाहेर. सॅकचा पट्टा किंवा सीट बेल्ट आडवा येत नाही ना, हे एक मिनिटाची टेस्ट क्लिप काढून बघा. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. पण चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट बसलं असेल तरच. ओल्या भोकात चार्जर घालू नका. आंब्याच्या घाटातल्या पावसातून आल्यावर कॅमेरा पुसून सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवा. लेन्सला मऊ कापड, शर्टाचं टोक नव्हे. रोज रात्री मोबाइलबरोबर चार्जिंग. महिनाभर वापरणार नसाल तर अर्धी चार्ज करून गार जागी ठेवा.

आणि शेवटचं, फाइलला हात लावू नका. मूळ फाइल तशीच राहू द्या, कॉपी दोन ठिकाणी ठेवा. व्हॉट्सअॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो. मग ती तुमची मूळ फाइल राहत नाही.

‘एवढं कोण बघतंय?’ असं वाटत असेल तर जालन्याची केस आठवा. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा फक्त २९६ मतांनी पुढे होते. वाद होता वेळेचा: खोतकरांचा उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी ३च्या आत आला की नंतर? निवडणूक कार्यालयात व्हिडिओ कॅमेरे होते. २०१७ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने निवड रद्द केली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी निकाल आला. मूळ उपकरण हजर न करता व्हिडिओची कॉपी देणार असाल, तर ती कुठून आणि कशी आली याचं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही हे प्रमाणपत्र आहेच, शिवाय त्यात फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’, म्हणजे तिच्या अंगठ्याचा ठसा, द्यावी लागते. फाइलमध्ये जरा बदल झाला की ठसा बदलला. त्याच दिवसापासून पोलिसांना झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करणंही बंधनकारक झालंय. मध्य रेल्वेने मुंबई विभागातल्या टीसींना बॉडी कॅमेरे देणं २०२३ मध्येच सुरू केलं. म्हणजे उद्या लोकलमध्ये तुम्ही-आम्हीही कोणाच्या तरी छातीवरच्या क्लिपमध्ये असणार.

बरं, कॅमेरा लावला की माणूस सुधारतो का? अमेरिकेतल्या रिअल्टो या छोट्या शहरात २०१२ साली प्रयोग सुरू झाला आणि वर्षभरात पोलिसांविरुद्धच्या तक्रारी जवळपास नव्वद टक्क्यांनी घटल्या. सगळीकडे वाहवा झाली. मग वॉशिंग्टनमध्ये दोन हजारांहून जास्त पोलिसांवर अभ्यास झाला. २०१७ मध्ये त्याचा निष्कर्ष आला: म्हणावा असा फरक नाही. म्हणजे नुसतं गॅजेट पुरत नाही.

हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तुला अर्धीच गोष्ट सांगितली मी.”

साहेबांनी त्या मुलाला आणि दादाला समोरासमोर बसवून अख्खी क्लिप लावली होती. थोबाडीत मारलेली कुठेच दिसली नाही. पण शिव्या ऐकू आल्या. स्पष्ट, एकामागून एक. “मारलं नव्हतं म्हणून मी दोन महिने छाती काढून फिरत होतो. आणि माझाच आवाज मला ऐकवेना. पोरगं मान खाली घालून बसलेलं. आपल्या घरातलं असतं तर?”

दादाने त्याची माफी मागितली. साहेबांनी समज दिली, नोंद झाली. नोकरी राहिली.

तेव्हापासून ड्युटीवर उभं राहिलं की तो आधी कॅमेऱ्याला तारीख, वेळ आणि ठिकाण मोठ्याने सांगतो. गाडी थांबवली की पहिलं वाक्य ठरलेलं, “नमस्कार, कॅमेरा चालू आहे.” समोरच्याला कळतं. “आणि मलाबी कळतं. मग ‘अहो’ आपोआप तोंडात येतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला निघालो. मलकापूर स्टँडवर दादाने माझा कॅमेरा हातात घेतला, मोबाइल बघून घड्याळ लावलं, कार्ड फॉरमॅट केलं आणि टेस्ट क्लिप काढली. त्यात मी ओला रेनकोट काखेत घेऊन उभा आहे, केस विस्कटलेले. मागून दादाचा आवाज येतो. आधी तारीख, मग वेळ, मग, “मलकापूर स्टँड. भाऊ पुण्याला निघालाय. पाऊस हाय.”

माझ्या अख्ख्या ट्रेकमधली तेवढीच एक क्लिप खरी आहे. ती मी लॉक करून ठेवलीय.